एक्स्टर्नल हार्ड डिस्क दिसंना गेली? फॉरमॅट दाबायच्या आधी हे करून बघा

सगळ्यात आधी एक काम करा. स्क्रीनवर "यू नीड टू फॉरमॅट द डिस्क" असा मेसेज आला असेल तर कॅन्सल दाबा, आणि "इनिशियलाइझ डिस्क" अशी खिडकी उघडली असेल तर तीही कॅन्सल करा. ड्राइव्ह दिसत नाही म्हणजे डेटा गेला असं नसतं, बऱ्याचदा सगळ्या फाइली आत जशाच्या तशा असतात आणि गडबड केबलची, करंटची नाहीतर ड्रायव्हरची (ड्राइव्ह ओळखायला विंडोजला लागणारं छोटं सॉफ्टवेअर) असते, पण घाबरून माणूस ओके दाबतो आणि केबल बदलून भागलं असतं तिथं रिकव्हरीवाल्याकडं चकरा मारायची वेळ येते.

एवढं जोर देऊन सांगतोय कारण आपल्याकडं एक्स्टर्नल ड्राइव्हमध्ये ठेवलेला डेटा म्हणजे बहुतेक वेळा एकमेव कॉपी असते. लग्नसराईत रोज दोन-दोन लग्नं शूट करणारा फोटोग्राफर मेमरी कार्ड रिकामं करून सगळं ड्राइव्हवर टाकतो, सेवा केंद्रवाल्याचे कित्येक वर्षांचे स्कॅन त्यात असतात, झेडपी शाळेतल्या सरांचे निकाल आणि फोटो त्यात असतात, लातूर-नांदेडला नीटची तयारी करणारी पोरं लेक्चरं त्यातच साठवतात. दुसरीकडं कुठंच नसतं. म्हणून या लेखात ड्राइव्ह चालू करण्याच्या आधी डेटा वाचवायचा विचार आहे, आणि पायऱ्यांचा क्रम तसाच लावलाय, तो मोडू नका.

शेतातली मोटार चालू होईना तर आपण लगेच बोअरमधून पाइप उपसत नाही, आधी डीपीवर लाइट आहे का बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल, आणि मोटार वर काढायची ती एकदम शेवटी. इथंही तसंच करायचं. करंट, केबल, पोर्ट, मग कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर, मग ड्राइव्हवरचं पार्टिशन (डेटा ठेवायला पाडलेला भाग), आणि प्रत्यक्ष डिस्क खराब आहे असं म्हणायचं ते शेवटी.

आधी हात लावून आणि ऐकून बघा

ड्राइव्ह टेबलावर सपाट ठेवा, कॉम्प्युटरला जोडा आणि वरून हळूच बोट टेकवा. आत फिरणारी डिस्क असेल तर बारीक थरथर जाणवते. एसएसडी असेल (आत फिरणारं काहीच नाही, फक्त चिप) तर थरथर नसतेच, तिथं फक्त लाइट बघायचा. फिरत असताना ड्राइव्ह उचलून कानाशी हलवू नका, आतलं हेड (डेटा वाचणारं टोक) डिस्कच्या पृष्ठभागापासून केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं आणि एक हिसका बसला तरी ते टेकू शकतं.

थरथर आहे, लाइट आहे, पण ड्राइव्ह दिसत नाही? हे चांगलं लक्षण आहे, पुढच्या पायऱ्यांत बहुतेक काम होतं. थरथर नाही, लाइट नाही, काहीच नाही? मग करंट, केबल किंवा ड्राइव्हच्या डबीतलं छोटं बोर्ड. बारीक पीप-पीप आवाज यायलाय? म्हणजे मोटर फिरायचा प्रयत्न करतेय पण फिरंना, कारण कधी करंट कमी पडतो तर कधी ड्राइव्ह पडल्यामुळं हेड डिस्कला चिकटून बसलेलं असतं. केबल आणि पोर्ट बदलून एकदाच बघा, तरी पीप-पीप असेल तर थांबा. आणि टक-टक, टक-टक असा एका लयीत आवाज असेल तर आत्ता लगेच काढा, परत लावू नका, खाली शेवटच्या भागात जा.

करंट आणि केबल: बऱ्याचशा भानगडी इथंच मिटतात

खिशात मावणारा अडीच इंची ड्राइव्ह पूर्ण करंट यूएसबी पोर्टमधूनच घेतो. यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३.० चा ९००. डिस्क फिरायला सुरुवात होते त्या क्षणी सगळ्यात जास्त करंट लागतो, त्यामुळं कमजोर पोर्टवर लाइट लागतो, घुंई आवाज येतो, बंद पडतो, परत लागतो, असं चालू राहतं. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावूच नका, तो आतून एका लांब वायरनं आलेला असतो आणि बरेचदा ढिला असतो. मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. कीबोर्डमधला पोर्ट, स्वस्तातला चार तोंडाचा हब, लांब एक्स्टेन्शन वायर हे सगळं बाजूला काढा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून बघा आणि दुसरं जे काही यूएसबीला लावलंय ते काढून ठेवा. हब लागणारच असेल तर ज्याला स्वतःचा अडॅप्टर असतो तो घ्या.

साडेतीन इंची मोठे ड्राइव्ह वेगळे. त्यांना स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो आणि इथं एक मोठा धोका आहे. घरात वायफाय राउटरचा, डीटीएचचा, सीसीटीव्हीचा असे एकसारख्या पिनेचे अडॅप्टर पडलेले असतात आणि पिन बसली की माणूस लावून टाकतो. पिन बसणं पुरेसं नाही. व्होल्ट अगदी तेवढेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त पाहिजेत, आणि अडॅप्टरवर अधिक-उण्याची जी गोल खूण असते ती ड्राइव्हवरच्या खुणेशी जुळली पाहिजे. १९ व्होल्टचा लॅपटॉप चार्जर लावला तर बोर्ड जळतं, मग वरचा एकही उपाय कामाचा नाही. उलट कमी अँपिअरचा लावला तर ड्राइव्ह चालू-बंद होत राहतो आणि लोक ड्राइव्हलाच दोष देतात.

आता केबल. जुन्या पोर्टेबल ड्राइव्हची रुंद, मधे खाच असलेली पिन बघितली असेल, तिचं तोंड फार नाजूक असतं. केबल लावून बॅगेत कोंबली, बसच्या रॅकवरून ओढली की आतले पत्रे वाकतात. केबल थोडी हलवल्यावर ड्राइव्ह येतो-जातो असं होत असेल तर केबल बदला, आणि नवीन केबललाही तेच होत असेल तर ड्राइव्हच्या बाजूचं सॉकेट ढिलं झालंय, ते चांगल्या सोल्डरिंगवाल्याकडून बसवून घेता येतं. टाइप-सी वाल्यांनी एक लक्षात ठेवा, मोबाइलच्या काही केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. अशा केबलनं लाइट लागेल पण कॉम्प्युटरला काही कळणार नाही. दुकानात नुसती "टाइप-सी द्या" न म्हणता "हार्ड डिस्कला डेटासाठी पाहिजे, आखूड" असं सांगून घ्या.

धूळ आणि ऊन हे आपल्याकडचे खास दोन. जिनिंगजवळ किंवा रस्त्यावरच्या दुकानात पोर्टमध्ये कापसाची तूस आणि माती बसते, पिन पूर्ण आत जात नाही. बंद मशीनवर मऊ कोरड्या ब्रशनं साफ करा, तोंडानं फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. आणि बऱ्याच पोर्टेबल ड्राइव्हच्या माहितीपत्रकात चालू असतानाचं तापमान ५ ते ३५ अंश एवढंच दिलेलं असतं, तर आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत त्याच्या कितीतरी वर पारा असतो. उन्हाळ्यात दुपारी मोठी कॉपी लावून ड्राइव्ह मधेच गायब होत असेल तर तेच काम पहाटे नाहीतर रात्री पंख्याखाली करून बघा.

दुसऱ्या मशीनवर लावून बघितल्याशिवाय ड्रायव्हरच्या मागं लागू नका

ही पायरी छोटी आहे पण वेळ फार वाचवते. शेजारच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला त्याच केबलनं लावा. तिथं दिसला तर ड्राइव्ह आणि केबल दोन्ही ठीक, भानगड तुमच्या मशीनची. तिथंही दिसत नसेल तर तुमच्या मशीनवर ड्रायव्हर टाकत बसण्यात अर्थ नाही. एक अपवाद: बँक, कॉलेजची लॅब, सरकारी ऑफिस इथल्या मशीनवर पेन ड्राइव्ह-हार्ड डिस्क मुद्दाम बंद केलेली असतात, तिथं न दिसणं हा पुरावा धरू नका.

डिस्क मॅनेजमेंट उघडा, फक्त बघायला

विंडोजचं बटण आणि एक्स एकदम दाबा, यादीतून डिस्क मॅनेजमेंट निवडा. खालच्या भागात डिस्क ०, डिस्क १ अशा पट्ट्या दिसतात. साइजवरून तुमचा ड्राइव्ह ओळखा. १ टीबीचा ड्राइव्ह इथं ९३१ जीबी दिसतो, त्यात काही चोरीला गेलेलं नाही, कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

पट्टी निळी आहे, हेल्दी लिहिलंय पण ड्राइव्ह लेटर नाही? हे सगळ्यात सोपं. त्यावर राइट क्लिक, चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स, अॅड, आणि वापरात नसलेलं अक्षर द्या. सेवा केंद्रात किंवा ऑफिसात नेटवर्कवरच्या फोल्डरला तेच अक्षर दिलेलं असलं की असं होतं, म्हणून जरा पुढचं अक्षर द्या, आर किंवा एस वगैरे.

ऑफलाइन लिहिलंय? डाव्या बाजूच्या डिस्क १ च्या नावावर राइट क्लिक करून ऑनलाइन करा. एका डिस्कचा हुबेहूब क्लोन काढून दोन्ही एकदम लावल्या की विंडोज एकीला ऑफलाइन ठेवतं.

रॉ लिहिलंय? म्हणजे पार्टिशन आहे पण विंडोजला आतली रचना वाचता येत नाही. कॉपी चालू असताना लाइट गेली, किंवा कॉपी संपायच्या आत केबल उपटली की हे होतं. इथं फॉरमॅट करायचं नाही, आणि चेक डिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं टूल) पण लगेच चालवायचं नाही, कारण डिस्कच आजारी असेल तर चेक डिस्क ती तासन् तास घासत बसतं आणि आहे ते पण जातं. आधी टेस्टडिस्कसारखं फुकट सॉफ्टवेअर वापरून फाइली दिसतात का बघा आणि दिसल्या तर दुसऱ्या ड्राइव्हवर काढा, त्याच ड्राइव्हवर कधीच नाही.

अनअॅलोकेटेड किंवा नॉट इनिशियलाइज्ड? ड्राइव्ह नवा कोरा असेल तर इनिशियलाइझ करा, २ टीबीपेक्षा मोठा असेल तर जीपीटीच निवडा (विंडोज तिथं जीपीटी आणि एमबीआर अशा पार्टिशनच्या दोन पद्धती विचारतं) कारण एमबीआर त्याच्या पुढचं धरत नाही. पण त्यात डेटा होता हे तुम्हाला माहितीय, तर बोट लावू नका. साइजच्या जागी काहीच नसेल किंवा भलताच आकडा असेल तर बोर्ड किंवा डिस्क खराब असायची शक्यता जास्त.

अजून एक, संभाजीनगर किंवा पुण्याहून एडिटरनं मॅकवर फॉरमॅट केलेला ड्राइव्ह पाठवला तर विंडोज तो फॉरमॅट करायला सांगू शकतं, कारण मॅकची पद्धत त्याला वाचता येत नाही. ड्राइव्ह ठणठणीत असतो. त्यांनाच सांगा की पुढच्या वेळी एक्सफॅट करून पाठवा, ते दोन्हीकडं चालतं आणि ४ जीबीच्या वरची व्हिडिओ फाइल पण घेतं, जी फॅट३२ घेत नाही.

आता ड्रायव्हर

ड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर दिसतो, आपल्याकडं डिस्क मॅनेजमेंटमध्येच नाही, अशी खात्री झाली की मग डिव्हाइस मॅनेजर. तोही विंडोज-एक्सच्या यादीत आहे. तीन जागा बघायच्या: डिस्क ड्राइव्ज, युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स, आणि स्टोरेज कंट्रोलर्स. नवखी माणसं तिसरीकडं बघतच नाहीत. जुन्या पद्धतीचा ड्राइव्ह यूएसबी कंट्रोलर्सच्या खाली "यूएसबी मास स्टोरेज डिव्हाइस" म्हणून येतो, पण नवीन वेगवान ड्राइव्ह यूएएस नावाची पद्धत वापरतात आणि त्यांची नोंद स्टोरेज कंट्रोलर्सच्या खाली "यूएसबी अटॅच्ड स्कझी" नावानं होते. विंडोज ८ पासून हा ड्रायव्हर विंडोजमध्येच येतो, वेगळा डाउनलोड करायचा नसतो.

पिवळं त्रिकोणी चिन्ह दिसलं तर त्यावर डबल क्लिक करा आणि कोड वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. कोड १० म्हणजे डिव्हाइस सुरू होऊ शकलं नाही. कोड ४३ म्हणजे डिव्हाइसनं स्वतःच अडचण कळवली आणि विंडोजनं त्याला थांबवलं, हा कोड बघून लोक ड्रायव्हर शोधत बसतात पण यामागं बरेचदा केबल किंवा करंटच असतो, तेव्हा वरची पायरी खरंच नीट केली का ते परत बघा.

उपाय असा. वर व्ह्यू मेनूत जाऊन शो हिडन डिव्हायसेस करा, फिकट दिसणाऱ्या नोंदींमध्ये तुमच्या ड्राइव्हच्या जुन्या नोंदी असतील. तेवढ्याच राइट क्लिक करून अनइन्स्टॉल करा, ड्राइव्ह काढा आणि मशीन रिस्टार्ट करा. रिस्टार्टच, शटडाउन नाही, कारण फास्ट स्टार्टअप चालू असतं तेव्हा शटडाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होतच नाही, जुनी अवस्था साठवून ठेवतं आणि तीच परत उघडतं. चालू झाल्यावर ड्राइव्ह लावा, विंडोज नव्यानं ओळख करून घेईल.

तरी होईना तर लॅपटॉप किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून आपल्याच मॉडेलचा चिपसेट ड्रायव्हर घ्या. सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करून देतो म्हणणारी सॉफ्टवेअरं टाकू नका, त्यातली बरीच भलताच ड्रायव्हर घालतात आणि वर जाहिराती आणतात. कुणाकडं अजून विंडोज ७ असेल (त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलाय) तर त्यात यूएसबी ३.० चा ड्रायव्हर मुळातच नाही, म्हणून निळा पोर्ट मेल्यासारखा वाटतो. काळ्या पोर्टला लावा, हळू चालेल पण डेटा निघेल.

ड्राइव्ह दिसतो पण चालता-चालता मधेच तुटतो, हा वेगळा त्रास. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असेल तर वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करायच्या परवानगीची खूण काढा, आणि पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड दिसलं तर तेही डिसेबल करा. तरी तुटत असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमधलं सिस्टिम बघा. इव्हेंट १५७ असेल तर ड्राइव्ह अचानक निघाला, म्हणजे केबल किंवा करंट. इव्हेंट ७ म्हणजे बॅड ब्लॉक, डिस्कच बिघडायलीय, लगेच डेटा काढा. इव्हेंट १२९ यूएएसच्या नावानं परत-परत येत असेल तर ड्राइव्हचं बोर्ड आणि यूएएस ड्रायव्हर यांचं जमत नाही असं समजा. मग स्टोरेज कंट्रोलर्समधल्या त्या नोंदीवर अपडेट ड्रायव्हर, ब्राउझ माय कॉम्प्युटर, लेट मी पिक, आणि यादीत "यूएसबी मास स्टोरेज डिव्हाइस" दिसलं तर ते निवडा. वेग थोडा कमी होतो पण कॉपी पूर्ण होते, आणि कॉपी पूर्ण होणं महत्त्वाचं.

याच नात्यातला एक प्रश्न कायम येतो: नवीन लॅपटॉपवर विंडोज टाकताना आतली एसएसडीच दिसंना. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाचा, एसएसडी सांभाळणारा कंट्रोलर चालू असतो आणि इन्स्टॉलरकडं त्याचा ड्रायव्हर नसतो. एसएसडी खराब नसते. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, फाइल उलगडून ते फोल्डर पेन ड्राइव्हवर टाका आणि इन्स्टॉलरमध्ये लोड ड्रायव्हर करून तो दाखवा. मात्र चालू असलेल्या विंडोजवर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन डिस्क जोडायची पद्धत व्हीएमडी किंवा रेड (RAID) वरून एएचसीआय करू नका, निळी स्क्रीन येते, आणि बिटलॉकर (विंडोजचं डेटाला लावायचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की मागतो, जी बहुतेकांनी कधी बघितलेलीच नसते.

दिसला एकदाचा? आधी कॉपी

ड्राइव्ह उघडला की लगेच चेक डिस्क, फॉरमॅट, साफसफाई असलं काही नको. सगळ्यात मोलाचं फोल्डर आधी दुसरीकडं काढा, मग बाकीचं. ते झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून तब्येत बघा. निळा म्हणजे गुड, पिवळा कॉशन, लाल बॅड. रिअॅलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेली जागा) किंवा करंट पेंडिंग सेक्टर (वाचायला अडणारी जागा, इथं करंट म्हणजे वीज नव्हे) यांचा आकडा शून्याच्या वर असून वाढतोय तर त्या ड्राइव्हवर एकुलता एक डेटा ठेवायचा नाही. सीआरसी एरर (डेटा ये-जा करताना होणाऱ्या चुका) याचाच आकडा वाढतोय आणि बाकी ठीक असेल तर डिस्क बरी आहे, जोडणीत गडबड आहे.

टक-टक आवाजवाल्या ड्राइव्हचं काय

हेड किंवा डिस्कचा पृष्ठभाग खराब झालाय. प्रत्येक वेळी लावून बघितलं की डिस्कवर अजून ओरखडे पडतात आणि वाचण्यासारखा डेटा कमी-कमी होत जातो. फ्रीजमध्ये ठेवा, हातानं ठोका, असल्या व्हिडिओंच्या नादी लागू नका. स्क्रू काढून झाकण उघडू नका, आणि तसल्याच दुसऱ्या ड्राइव्हचं बोर्ड आणून बसवायला कुणी सांगितलं तर नको म्हणा, प्रत्येक ड्राइव्हच्या बोर्डवर त्याच डिस्कपुरत्या सेटिंग असतात, नुसती अदलाबदल सहसा चालत नाही. आणि काही पोर्टेबल ड्राइव्हमध्ये यूएसबीचं सॉकेट डिस्कच्या बोर्डवरच असतं, काहींमध्ये डेटा बोर्डवर एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होतो, त्यामुळं डबी फोडून डेस्कटॉपला लावू म्हणाल तर तेही जमेलच असं नाही.

डेटा खरंच मोलाचा असेल तर मोठ्या शहरातल्या डेटा रिकव्हरी लॅबकडंच द्या, जिथं क्लीन रूम (डिस्क उघडायला धूळ नसलेली खास खोली) आहे आणि जे तपासणी करून आधी लेखी अंदाज देतात. डेटा निघाला नाही तर पैसे किती, हे आधीच विचारा. ड्राइव्ह फोममध्ये किंवा बबल रॅपमध्ये घट्ट गुंडाळून, आत हलणार नाही असा पॅक करा. सोबत एका चिठ्ठीवर लिहा: पडला होता का, कुठला आवाज येतो, त्यानंतर काय-काय करून बघितलं, आणि कुठली फोल्डरं सगळ्यात आधी पाहिजेत. तो शेवटचा मुद्दा लोक विसरतात, आणि लॅबवाल्याला आजारी डिस्कवरून थोडंच वाचता येणार असेल तर नेमकं काय आधी वाचायचं हे त्यावरूनच ठरतं.